मोडीत न गेलेली विमानं

विल्यम वायलर यांच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) या चित्रपटात भंगारात निघालेल्या विमानांचा एक प्रसंग आहे. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की पुन्हा लिहायचं तर कारण द्यायला हवं. माझं कारण असं, की या प्रसंगाचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, शेवटचं मिनिट मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि युद्धानंतर बॉम्बफेकी विमानांचं काय झालं याबद्दल आपल्या मनात जे चित्र आहे, ते या पहिल्या भागाने घडवलेलं आहे.

फ्रेड डेरी हा युद्धात बॉम्बार्डियर, म्हणजे विमानाच्या काचेच्या नाकात बसून नेम धरणारा माणूस. युद्ध संपल्यावर त्याच्या नशिबी औषधाच्या दुकानातलं सोडा-आइस्क्रीमचं काउंटर येतं, तेही सुटतं. बायको दुरावते. गाव सोडायचं म्हणून तो विमानतळावर येतो. इकडे घरी त्याचे वडील त्याच्या पदकाचं मानपत्र वाचत असतात आणि तिकडे तो विमानांच्या रांगांमधून चालत असतो. इंजिनं काढून घेतलेली, रांगेत उभी असलेली विमानं. एका बी-१७ विमानात तो चढतो आणि आपल्या जुन्या जागेवर, त्या धुळकट काचेमागे जाऊन बसतो. कॅमेरा एकेका रिकाम्या इंजिनघराकडे वळतो आणि ह्यूगो फ्रीडहोफर यांचं संगीत घरघरीसारखं चढत जातं. नसलेली इंजिनं जणू सुरू होतात. वायलर स्वतः युद्धकाळात बी-१७ मधून उडून 'द मेम्फिस बेल' हा माहितीपट करून आले होते आणि पुढे इटलीवरच्या एका विमानफेरीत त्यांची श्रवणशक्ती कायमची अधू झाली होती. कान गमावलेल्या दिग्दर्शकाने नसलेल्या इंजिनांचा आवाज ऐकवावा, हे मला आजही थक्क करतं. हे चित्रण कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओच्या खऱ्या तळावर, खऱ्या विमानांमध्ये झालेलं आहे.

इथवर सगळ्यांना आठवतं. पुढे खालून एक मुकादम हाक मारतो. फ्रेड उतरतो. या विमानांचं करता काय, असा विषय निघतो आणि मुकादम सांगतो की हे भंगार नाही, या मालातून तयार भागांची घरं बांधायची आहेत. फ्रेड त्याच्याकडे कामच मागतो. घरं बांधायचं त्याला काही येत नाही. पण शिकायचं कसं हे येतं, तिकडे वरचं कामही तो असाच शिकला होता. प्रसंग संपतो तो कामावर.

समीक्षक बहुधा काचेमागच्या चेहऱ्याशी थांबतात. विमान म्हणजे थडगं, म्हणजे स्मृती, म्हणजे माणसाच्या आतली मोडतोड. हे वाचन चूक नाही, अर्धं आहे. तसं थांबलं की विमानाचं आयुष्य युद्धाबरोबरच संपलं असं आपण गृहीत धरून बसतो.

बहुतेकांचं संपलं, हे खरंच. बी-१७ एकूण १२,७३१ बनली, बी-२४ लिबरेटर अठरा हजारांवर, ब्रिटिशांची लॅंकेस्टर ७,३७७. अ‍ॅरिझोनातल्या किंगमनच्या वाळवंटात साडेपाच हजारांच्या आसपास विमानं आणून उभी केली गेली आणि कंत्राटदाराने भट्ट्या लावून ती वितळवली. आमच्याकडे घरातलं तांब्याचं भांडं गळायला लागलं की मोडीत घालत. तांबट ते तराजूत टाकी आणि त्या क्षणी भांड्याचं हंडा किंवा घंगाळ असणं संपे, उरे ते वजन. किंगमनला तेच झालं. शस्त्रं शमीवर ठेवायची, सीमोल्लंघनाला पुन्हा उतरवायची, ही आपल्या गोष्टीतली सोय. इथे शमीच वितळवली गेली.

तरी सरकारने सुटी विमानंही विकायला काढली होती. बी-१७ ची यादीतली किंमत १३,७५० डॉलर, बी-२५ ची ८,२५०. खुद्द 'मेम्फिस बेल' १९४६ मध्ये मेम्फिस शहराने ओक्लाहोमातल्या ऑल्टसहून ३५० डॉलरला सोडवून आणलं. हॉलिवूडसाठी कसरती उड्डाणं करणाऱ्या पॉल मॅन्ट्झने तर स्टिलवॉटरच्या तळावरची ४७५ विमानं ५५,००० डॉलरला एकगठ्ठा घेतली. त्यातली बहुसंख्य त्यानेही मोडीतच घातली, थोडी ठेवून घेतली. मुकादमाच्या वाक्याचंही खोटं झालं नाही, फक्त ते खरं झालं ब्रिटनमध्ये. तिथे रिकाम्या पडलेल्या विमान-कारखान्यांनी अ‍ॅल्युमिनियमची छोटी घरं बनवली, त्यात विमानांचा वितळवलेला धातूही गेला. चार तुकड्यांत, नळ-स्वयंपाकघरासकट, लॉरीवरून येणारं घर. अशी ५४,५०० घरं उभी राहिली.

न वितळलेल्या विमानांनी काय केलं, ते मात्र कुठल्याच थोर चित्रपटात एका जागी दिसत नाही. ते मला वीसेक वर्षांत इकडून तिकडून गोळा करावं लागलं. मी ना वैमानिक ना अभियंता, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. चित्रपट बघता बघता 'हे विमान या चित्रणाच्या आधी कुठे होतं?' हा एकच प्रश्न विचारायची सवय लागली, एवढंच. त्या प्रश्नाने जे हाती आलं, त्यातलं थोडं सांगतो.

लॅंकेस्टरचे तोफांचे मनोरे काढून नाक-शेपूट निमुळतं केलं की त्याचं लॅंकेस्ट्रियन होई. १९४५ पासून ते लंडनहून कराची आणि सिलोनमार्गे सिडनीला जाऊ लागलं. बॉम्ब वाहायला केलेल्या अरुंद पोटात प्रवासी मावत फक्त नऊ. याच जातीचं 'स्टार डस्ट' २ ऑगस्ट १९४७ रोजी अकरा माणसांसह अ‍ॅन्डीज पर्वतात नाहीसं झालं आणि त्याचे अवशेष हिमनदीने बाहेर टाकले ते पन्नासेक वर्षांनी. बर्लिनची १९४८-४९ मध्ये कोंडी झाली तेव्हा इंधन घेऊन गेलेल्या खासगी टँकर-विमानांत लॅंकेस्ट्रियन होती आणि हॅलिफॅक्सची नागरी रूपंही होती. चारपाच वर्षांपूर्वी याच जातीच्या विमानांनी याच शहरावर काय टाकलं होतं, ते खाली वाट बघणाऱ्या बायकापोरांना निराळं सांगायला नको होतं. बोलिव्हियात बी-१७ गोमांस वाहत असत. सखल प्रदेशातल्या कुरणांवरून माल उचलायचा आणि चार हजार मीटर उंचीवरच्या ला पाझच्या धावपट्टीवर उतरवायचा. पेट्या, टांगलेलं मांस, वास. या विमानांची छायाचित्रं बघताना त्यांचा डौल कुठे गेला असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की हमालीत कुणाचाच डौल टिकत नाही.

फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेने चौदा बी-१७ घेतली. क्रेइलच्या तळावरून ती चाळीस वर्षांच्या आसपास उडत राहिली. फ्रान्सचे आणि आफ्रिकेतल्या प्रदेशांचे नकाशे त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून निघाले. उंचावरून सरळ रेषेत, न हलता जायचं आणि खालची जमीन अचूक वेळी काचेत पकडायची: बॉम्बफेकीला जे कसब लागतं, तेच नकाशाला लागतं. मॅन्ट्झने आपल्या बी-२५ चं नाकही असंच वापरलं. जिथे बॉम्बार्डियर बसे तिथे त्याने कॅमेरा बसवला. 'धिस इज सिनेरामा' (१९५२) या चित्रपटाच्या शेवटी रुंद पडद्यावर अमेरिका पालथी घालणारी जी दृश्यं आहेत, ती या बी-२५ मधून घेतलेली. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते ते नेमक्या फ्रेडच्या खुर्चीत बसून, हे त्यांच्या गावीही नव्हतं. फ्रेड डेरीच्या काचेचा एवढा अभ्यास झाला. त्या काचेमागे पुढे कोण बसलं याचा व्हायला हवा होता.

सगळ्यात कष्टाचं काम होतं वणवे विझवण्याचं. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९६० च्या सुमाराला बी-२५ आणि बी-१७ या कामाला लागली. बॉम्ब ठेवायच्या जागेत टाक्या बसवल्या. सुरुवातीला बोरेटचं द्रावण टाकत. त्याने जमीन नापीक होते हे कळल्यावर अमोनियमचे क्षार आले, म्हणजे जवळपास खतच. आधीचा फवारा कुठवर पडला ते पुढच्या वैमानिकाला दिसावं म्हणून त्यात लोहभस्माचा, आपल्या गेरूच्या जातीचा लाल रंग मिसळत. पंचवीस हजार फुटांवरून काम करायला बांधलेलं यंत्र आता दीडदोनशे फुटांवरून, दरीतल्या धुरात, उलटसुलट वाऱ्यात चालवायचं. या कामात माणसं मेली, दर काही हंगामांनी मरत राहिली. त्यांना युद्धातले सैनिक म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्या नावाचं विमान कुठल्या संग्रहालयात मी पाहिलेलं नाही.

या दुसऱ्या आयुष्याची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये १९५० च्या दशकात स्प्रूसच्या जंगलातल्या किडीवर विमानांतून डीडीटी फवारलं गेलं. मिरामिशी नदीतल्या सामन माशांचं त्याने काय झालं, ते रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये आहे. या फवारणीच्या धंद्यात पुढे अ‍ॅव्हेंजर ही युद्धातली पाणतीर-विमानं मोठ्या संख्येने आली आणि नव्या शतकातही उडत राहिली. पोटातला माल बदलला म्हणून वरून टाकणाऱ्याची नजर बदलतेच असं नाही. युद्धातलं यंत्र शांततेत आलं की पावन झालं, ही भाबडी समजूत मला 'विमान म्हणजे थडगं' इतकीच आळशी वाटते. काम हे काम असतं. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तो मांडायची वेळ आली, तेव्हा सिनेमा परत आला, पण रंगाचे डबे घेऊन.

माइक निकोल्स यांच्या 'कॅच-२२' (१९७०) साठी फ्रॅंक टॉलमनने १८ बी-२५ जमवली. त्यातलं एक नुसता सांगाडा होता, बाकीची उडणारी. वेगवेगळ्या धंद्यांत राबून थकलेली ही विमानं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर नेऊन, सैन्याचा रंग देऊन एकामागून एक उडवली. युद्धाच्या मूर्खपणावरच्या कादंबरीसाठी जगाच्या पाठीवर पुन्हा एक बॉम्बर स्क्वाड्रन उभं करावं लागलं, यातला विनोद जोसेफ हेलर यांना नक्की कळला असेल. या चित्रपटामुळे त्यातली बहुतेक विमानं वाचली, हे ऋण मी मान्य करतो. मात्र वाचली ती १९४४ ची होऊन.

'मेम्फिस बेल' (१९९०) हा त्याहून सरळ मासला. निर्मात्यांपैकी एक होत्या कॅथरीन वायलर, म्हणजे विल्यम वायलर यांची कन्या. वडिलांच्या माहितीपटातली घटना मुलीने कथापट म्हणून पुन्हा उभी केली. नायक-विमानाची भूमिका केली ती वणवे विझवून झालेल्या एका बी-१७ ने. सोबतीला ब्रिटनचं 'सॅली बी' होतं आणि फ्रेंच नकाशा-विमानंही होती. 'सॅली बी'ही मूळचं फ्रेंच नकाशा संस्थेचंच. ते १९४५ मध्ये बनलं, युद्धावर कधी गेलंच नाही. फ्रेंच विमानांपैकी एक १९८९ च्या चित्रीकरणात बिनब्रुक तळावर उड्डाण करताना कोसळून जळालं. आतले दहाही जण वाचले. पडद्यावर ते विमान युद्धातलं. प्रत्यक्षात जळाला तो एक म्हातारा नकाशाकार. वडिलांच्या प्रसंगात निदान मुकादम येऊन पुढच्या कामाचं बोलून जातो. मुलीच्या चित्रपटात विमानाला पुढचं आयुष्यच नाही. तिथे सगळा काळ मे १९४३ पाशी थांबलेला, सुबक आणि सोनेरी.

एकच मोठा चित्रपट दुसऱ्या आयुष्यावर बेतलेला आहे: स्पीलबर्ग यांचा 'ऑल्वेज' (१९८९). मूळ 'अ गाय नेम्ड जो' (१९४३) हा युद्धपट. स्पीलबर्गने त्यातली माणसं उचलून माँटानाच्या वणव्यांत नेऊन ठेवली. नायक पीट जुनं इन्व्हेडर बॉम्बर चालवतो आणि मित्राच्या विमानाचं पेटलेलं इंजिन वरून फवारा मारून विझवताना स्वतः जातो. विषय अगदी हातात आलेला. पण चित्रपटाचं लक्ष सारखं मागे वळतं. एका प्रसंगात मित्र अ‍ॅल म्हणतो की हा तळ म्हणजे अगदी युद्धातलं इंग्लंडच आहे, फक्त युद्ध तेवढं नाही. आणि म्हणूनच इथे जीव देण्यात शहाणपण नाही. स्पीलबर्गच्या चित्रपटातला मला हा सर्वांत प्रामाणिक संवाद वाटतो. तो अख्ख्या चित्रपटाची अडचण सांगून टाकतो. आग विझवणाऱ्या माणसाला आग विझवणारा म्हणून मोठं होता येत नाही. त्याला कुठल्या तरी युद्धाची उसनी झूल पांघरावी लागते. अ‍ॅलला हे कळतं, दिग्दर्शकाला अर्धवट कळतं.

ही झूल पडद्यापुरती राहिली असती तर मी एवढा लेख लिहिला नसता. हवाई प्रदर्शनं करणाऱ्या संस्थांनीही तीच उचलली. कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-१७ 'नाइन-ओ-नाइन' हे नाव घेऊन तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकाभर फिरलं. मूळ 'नाइन-ओ-नाइन' युद्धात १४० मोहिमा करून, एकही माणूस न गमावता परतलं आणि किंगमनला वितळवलं गेलं. त्याचं नाव ल्यालेलं हे विमान वेगळंच. याने हवाई-सागरी बचावकार्य केलं. १९५२ मध्ये नेवाडातल्या अणुचाचण्यांत, स्फोटाचा विमानावर काय परिणाम होतो ते बघायला याला उभं केलं गेलं. १९६५ मध्ये ते भंगार म्हणून विकलं, दुरुस्त झालं आणि पुढची वीस वर्षं त्याने वणवे विझवले. हे चरित्र मूळ 'नाइन-ओ-नाइन'पेक्षा कमी आहे का? बिकिनी ते चेर्नोबिल एवढा काळ एकाच पत्र्यात मावलेला. पण तिकीट काढून आत शिरणाऱ्याला हवं होतं १९४४, म्हणून वरचा रंग १९४४ चा. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेटिकटमध्ये ब्रॅडली विमानतळावर परत उतरताना ते कोसळलं. सात जण गेले: दोघे वैमानिक आणि पाच प्रवासी. चौकशीत वैमानिकाच्या हाताळणीबरोबर देखभालीतल्या उणिवाही पुढे आल्या. मी तंत्रज्ञ नाही, त्यामुळे रंगाचा आणि अपघाताचा संबंध जोडणार नाही. मला खुपतं ते बातम्यांमधलं वाक्य. 'दुसऱ्या महायुद्धातलं विमान कोसळलं' असं सगळीकडे छापून आलं. या विमानाने महायुद्धात एकही मोहीम केली नव्हती.

आता पुण्याच्या वाचकाने जरा सावरून बसावं, कारण या रंगाखाली आपणही आहोत.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाईदलाची बरीच लिबरेटर कानपूरच्या तळावर टाकून दिलेली होती. भाडेपट्ट्याने घेतलेली अमेरिकन विमानं परत उडू नयेत म्हणून ती नासवली गेली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतून उडण्याजोगी निवडून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून ती उभी केली. जमशेद मुन्शी या चाचणी-वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. अशी चाळीसच्या आसपास विमानं भारतीय हवाईदलात आली आणि समुद्रावरच्या टेहळणीचं काम करत १९६८ पर्यंत टिकली. त्यांतली पुष्कळशी लोहगावला होती. लिबरेटर जगात इतरत्र वितळून गेलं असताना पुण्याच्या आकाशात त्याची घरघर चालू होती. मग परदेशी संग्रहालयांना जाग आली. कॅनडाला १९६८ मध्ये, अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयाला १९६९ मध्ये, ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला १९७४ मध्ये भारताकडून विमान गेलं. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात राहिलं. आज जगात शाबूत उरलेल्या मूठभर लिबरेटरांपैकी एवढी आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या हातची आहेत. वाळू ओतलेलं इंजिन धुऊनपुसून वीस वर्षं चालवणं हे काय कसब आहे, ते ज्याने जुनी लूना चालू ठेवली आहे त्याला सांगावं लागत नाही.

ब्रिटिशांनी निदान त्या विमानाला त्याचाच ब्रिटिश सेवेतला रंग दिला; ते खरोखर त्यांच्या स्क्वाड्रनमध्ये होतं. कॉलिंग्जकडे गेलेलं लिबरेटर मात्र बघण्यासारखं आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासमध्ये बनलं, ब्रिटिशांना दिलं गेलं, मग भारतात टाकलं, मग १९६८ पर्यंत आपलं. त्यानंतर तेरा वर्षं इथेच पडून होतं, १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने उचललं, १९८४ मध्ये अमेरिकेत पोचलं. दुरुस्त होऊन ते आधी 'ऑल अमेरिकन' झालं, मग 'द ड्रॅगन अ‍ॅन्ड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट'. म्हणजे अमेरिकन हवाईदलात एकही दिवस लढाई न केलेल्या विमानाने एकामागून एक तीन अमेरिकन नावं घेतली. मूळ 'विचक्राफ्ट'च्या १३० मोहिमांचा मान याच्या नाकावर रंगवला गेला. संस्थेच्या लिखित माहितीत भारताचा उल्लेख आहे, हे नमूद करतो. लपवाछपवी कुणी केलेली नाही. पण लोक माहिती वाचत नाहीत, नाक बघतात.

स्टॅनली कुब्रिक यांच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) मध्ये अणुबॉम्ब घेऊन निघालेलं बी-५२ बर्फावरून जाताना दिसतं. ते बी-५२ म्हणजे छोटी प्रतिकृती; खालचा बर्फ मात्र खऱ्या विमानातून टिपलेला आहे. लक्ष देऊन पाहिलं तर काही चित्रचौकटींत त्या बर्फावर एक सावली सरकताना दिसते. ती बी-५२ ची नाही. ती कॅमेरा वाहून नेणाऱ्या बी-१७ ची आहे. रंग देऊन सजवायला कुणी विसरलं, म्हणून ती तशीच राहिली.